पथ्याची बिअर

ग्रंथ, पेय आणि घरचं अन्न या तिघांचा मेळ साधणं ही माणसाच्या संस्कृतीची शेवटची पायरी आहे, असं माझं एके काळी ठाम मत होतं. ते मी एका जाड वहीत लिहूनही ठेवलं होतं. वही सहकारी तेलगिरणीच्या प्रयोगशाळेची होती आणि तिच्या प्रत्येक पानावर 'नमुना', 'तापमान' आणि 'शेरा' असे तीन रकाने छापलेले होते. पहिल्या रकान्यात मी पुस्तकाचं नाव लिहीत असे, दुसऱ्यात बिअरचं तापमान आणि तिसऱ्यात त्या दिवशी डब्यात काय आलं ते.

तापमान लिहिण्याचं कारण साधं होतं. उमरग्याला हायवेच्या कडेला जी एक परमिट रूम होती तिथं बिअर एकाच कंपनीची मिळायची. परदेशी पुस्तकांतून मी वाचलं होतं की काळी बिअर कशाबरोबर, फिकी कशाबरोबर, आणि थंडीत कोणती. आमच्याकडे काळी-फिकी हा भेद नव्हता; गरम आणि कमी गरम एवढाच होता. त्यामुळे मी प्रयोगशाळेतला तापमापक घरी आणला आणि त्याच्या आधारानं एक शास्त्र उभं केलं. कवितेला तीस अंशांच्या आतली बिअर लागते आणि फेस आहे तोवरच कविता वाचावी. चरित्राला कोमट चालते, कारण चरित्रनायकही पानागणिक कोमट होत जातो. सहकारी चळवळीच्या गौरवग्रंथांना बिअरची जोड देऊ नये. ग्लानी त्यांत मुळातच घातलेली असते.

बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती, आणि लोक त्याच्याबद्दल दूर गेलेल्या नातेवाईकासारखं बोलायचे. मग तो परत आला. सलग दोन वर्षं करडई हाती लागली नाही. गिरणी करडईवर चालायची. पहिल्या वर्षी ती तीन आठवडे चालली, दुसऱ्या वर्षी चाललीच नाही. मॅनेजर सोलापूरला राहायला गेले, कामगार रोजगार हमीच्या कामांवर गेले, कॉलनीतल्या बारा क्वार्टरांपैकी अकरांना कुलपं लागली. मला मात्र ठेवलं होतं, कारण केमिस्ट नसला तर गिरणीची मान्यता जाईल असं संचालक मंडळाला वाटत होतं. तपासायला तेल नव्हतं, पण तपासणारा हजर होता. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक केमिस्ट म्हटल्यावर तापाच्या गोळ्या मागायला यायचे. मी नाही म्हटल्यावर हा माणूस कंजूष आहे असं ठरवून परत जायचे.

चेअरमन दोन महिन्यांतून एकदा जीपमधून येत. एकदा त्यांनी गिरणीच्या आवारात घेतलेल्या बोअरचं उद्घाटन केलं. सहकाराच्या मंदिरात गंगा अवतरली आहे, असं ते म्हणाले. नारळ फुटला, पंपाचं बटण दाबलं गेलं आणि पाइपातून बराच वेळ हवा आली. फोटोग्राफरनं हवेचा फोटो काढला. त्या दिवशी टाळ्या वाजवणारे आम्ही नऊ जण होतो आणि त्यांतले सहा जीपमधून आलेले होते.

मी अडतीस वर्षांचा होतो. लग्न झालेलं नव्हतं. आई गेल्यावर घर असं कुठं उरलं नव्हतं. घरचं जेवण म्हणजे माझ्या लेखी दुसऱ्याच्या घरचं जेवण.

ते दुसऱ्याचं घर म्हणजे मामांचं. मामा गिरणीचे बॉयलरवाले. सगळेच त्यांना मामा म्हणत, आणि त्यांच्या बायकोला मामी. थंड पडलेल्या बॉयलरलाही कुणीतरी बघावं लागतं, म्हणून माझ्याप्रमाणे त्यांनाही ठेवलं होतं. ते रोज सकाळी येऊन बॉयलर पुसत, गेज बघत, काटा शून्यावर आहे असं रजिस्टरात लिहीत आणि सही करत. दोन मैलांवरच्या गावात बौद्धवाड्यात त्यांचं घर होतं. मामी माझा डबा करायच्या आणि मामा संध्याकाळी सायकलीवर तो आणून द्यायचे. मॅनेजरांनी एकदा मला विचारलं होतं, डबा कुणाकडून येतो. मी सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले आणि त्यानंतर सोलापूरहून आले तरी माझ्याकडे चहाला थांबले नाहीत. त्यामुळे कॉलनीतली माझी शांतता पुरी झाली.

मामींच्या हाताबद्दल लिहायचं तर मला वहीचा तिसरा रकाना उतरून काढावा लागेल. ज्वारीची भाकरी, पापुद्रा सुटलेली. येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, जिचा पहिला घास डोळ्यांत पाणी आणतो. करडईच्या कोवळ्या पानांची भाजी, मिळाली तर. जवसाची चटणी आणि तिच्यावर घाण्याच्या करडी तेलाची धार. आमच्या गिरणीत न निघालेलं तेल त्या कुठून आणायच्या हे मी विचारलं नाही. मटण महिन्यातून एखाद्या रविवारी. त्या रश्श्याबरोबर तेहतीस अंशांची बिअर आणि एखादी जाड कादंबरी, हा माझ्या शास्त्रातला सर्वांत यशस्वी प्रयोग होता.

मामा डबा देत, कालचा रिकामा डबा घेत आणि उभ्या-उभ्या निघत. मी बसा म्हटलं तर म्हणत, "तुमी वाचा साहेब. वाचनाऱ्या मानसापाशी बसू नये." बाटली मी त्यांच्यासमोर कधी ठेवली नव्हती. छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा घेतलेल्या प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही एक होती. अनेकांनी ती इतर गोष्टींबरोबर घेतली आणि इतर गोष्टींबरोबर विसरली. मामा विसरले नव्हते. मी बाटली उघडायचो ते त्यांच्या सायकलीची घंटी फाटकाबाहेर गेल्यावर.

मामांना वाचायची आवड होती. बॉयलरची सरकारी परीक्षा देण्यासाठी ते विशीनंतर अक्षरं शिकले होते आणि तेव्हापासून समोर येईल ते छापील वाचत: एसटीच्या तिकिटामागचे नियम, खताच्या पोत्यावरच्या सूचना. सगळं अथपासून इतिपर्यंत, आणि सगळं खरं धरून. माझ्याकडून ते पुस्तकं नेत. त्या माघात मी त्यांना एका जुन्या समुद्रप्रवासाचं मराठीत आणलेलं वर्णन दिलं. खूण म्हणून त्यात मी जो कागद घातला होता तो काढायचा राहिला.

तो कागद म्हणजे माझा दारूचा परवाना.

त्या काळात राज्यात दारू पिण्यासाठी परवाना लागे, आणि तो आरोग्याच्या नावानं मिळे. प्रकृतीच्या रक्षणासाठी धारकाला मद्याची गरज आहे, अशा अर्थाचं त्यावर छापलेलं असे. अर्जासोबत डॉक्टरांची सही लागे. मी उमरग्याच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, त्यांनी मान वर न करता सही केली होती आणि विचारलं होतं की गिरणी कधी सुरू होणार. सगळे असंच करायचे. परवाना म्हणजे थट्टा आहे, हे देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि सही करणाऱ्याला ठाऊक होतं. ते ठाऊक नसलेला आमच्या भागातला एकच माणूस असावा आणि पुस्तक त्याच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी डब्यात ज्वारीच्या कण्या आल्या. मऊ शिजवलेल्या, वर दूध, मीठ नावाला. दुसऱ्या खणात मुगाचं वरण, त्यात हळदीखेरीज काही नव्हतं. मला वाटलं, मामींना बरं नसेल. तिसऱ्या दिवशीही तेच आलं. चौथ्या दिवशी मामा डबा ठेवून निघाले नाहीत. खुर्चीवरची पुस्तकं उचलून नीट खाली ठेवली आणि बसले. खिशातून परवाना काढून माझ्यासमोर ठेवला.

"साहेब, हे आमच्यापासून लपवून ठिवायची काय गरज होती?"

माझ्या डोक्यात पहिला विचार आला की डबा बंद झाला. मी म्हणालो, "मामा, चूक झाली."

"चूक कशाची? आजार काय कुनी बोलावून आनतं का?" मग खाली बघून म्हणाले, "तुमची मामी रडली. म्हनली, आजारी मानसाला आपन दोन वर्सं जाळजाळ तिखट घालाय लागलो."

"मला काही झालेलं नाही. अगदी ठणठणीत आहे मी."

"माझा थोरला भाऊबी असंच म्हनायचा," मामा म्हणाले. "शेवटच्या दिवसापर्यंत."

मी वरणात चमचा फिरवत राहिलो.

"सरकार उगंच कुनाला दारू पाजत न्हाय," ते म्हणाले. "म्या समदं वाचलं. डॉक्टरची सही हाय, सरकारचा शिक्का हाय. म्हंजे दुखनं मोठं असलं पायजे. कंचं हाय ते विचारत न्हाय. तुमी सांगू नका. पर औषध टायमाला घ्या आन् पथ्य पाळा. आन् उन्हाचं उमरग्याला जाऊ नका. म्या आनीन."

इथं मी खरं सांगायला हवं होतं. मी ते सांगितलं नाही आणि त्याचं कारण मला तेव्हाही माहीत होतं. मामा बसले होते. माझ्या खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवर माणूस बसलेला मी कितीतरी महिन्यांनी बघत होतो. आजाऱ्यानं एकट्यानं जेवू नये असा त्यांचा नियम होता आणि तो नियम मोडण्याइतका मी निरोगी नव्हतो.

मग दर दोन-तीन दिवसांनी मामा माझा परवाना घेऊन उमरग्याला जायला लागले. बाटली आधी ते स्वतःच्या घरी नेत. वाड्यात टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. घागरी मोजून मिळायच्या. पण प्यायच्या माठाखाली वाळू असते आणि माठ पाझरतो. त्या ओल्या वाळूत मामी बाटली गळ्यापर्यंत पुरून ठेवायच्या आणि वर फडकं टाकायच्या. संध्याकाळी मामा ती ओल्या पटक्यात गुंडाळून डब्याबरोबर आणायचे. मी पहिल्यांदा तापमापक घातला तेव्हा पारा तेवीसवर थांबला. इतकी गार बिअर मी त्या जिल्ह्यात प्यायलो नव्हतो. आणि तिच्याबरोबर कण्या.

शास्त्राच्या दृष्टीनं हा पेच होता. तेवीस अंशांवर कोणतंही पुस्तक उघडावं अशी बिअर आणि कोणतंही पुस्तक मिटावं असं जेवण. पण पुस्तक निवडायचं माझ्या हातात राहिलंच नव्हतं, कारण मामांनी ठरवलं की आजाऱ्यानं डोळ्यांना ताण देऊ नये. ते समुद्रप्रवास परत घेऊन आले आणि मोठ्यानं वाचायला लागले. एकेका शब्दाखाली बोट ठेवून, जोडाक्षराशी थबकून, मग ते एकदम ओलांडून. मी ग्लास हातात धरून ऐकायचो. पहिल्या दिवशी ग्लास भरताना फेस उतू गेला, तर त्यांनी तेही दुखण्यात जमा धरलं.

पुस्तकातलं जहाज महासागरात होतं आणि जहाजावरचं गोडं पाणी संपत आलं होतं.

"येवढं पानी," मामा बोट तिथंच ठेवून म्हणाले, "आन् पिता येत न्हाय?"

"खारं असतं ना."

"मंग टँकर कुठून येतो त्यांचा?"

"येत नाही."

मामांनी जरा विचार केला. "म्हंजे आपल्यापरीस बेकार हाय." आणि पुढं वाचायला लागले.

कधी मामीही येत, वाड्यातून पायी. दारातच बसत, पदर सावरून. माझ्याकडे न बघता मामांना विचारत, "आज किती खाल्लं?" मामा सांगत, "निम्मं." मामी म्हणत, "कालच्यापरीस बरं हाय." एकदा मी हिय्या करून म्हणालो की मामी, जरा आमटी द्या हो, येसराची, थोडीशी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सासरी निघालेल्या लेकीनं हट्ट केल्यावर पाहावं तसं, आणि म्हणाल्या, "बरं झाल्यावर, बाबा. मग मनगटाएवढी मिरची घालून देते." मला आयुष्यात बाबा म्हणणारी माणसं मोजकी होती. मी कण्या संपवल्या.

असे तीन महिने गेले. खरं सांगायचं तर ते बरे गेले. दुपारी मी रिकाम्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धूळ बसली म्हणून कोरड्या फडक्यानं पुसायचो, मामा बॉयलर पुसायचे, आणि संध्याकाळी सहाला जहाज निघायचं.

वैशाख लागल्यावर माझी पुस्तकं सोलापूरहून एसटीनं उमरग्याला आली होती. पार्सल माझ्या सहीशिवाय मिळणार नव्हतं म्हणून मामांना न सांगता मी दुपारच्या गाडीनं गेलो. स्टँडवरून पार्सल घेऊन हायवेपाशी आलो तर परमिट रूमच्या दाराला मामांची सायकल टेकलेली. शेजारी पानपट्टी, तिच्या बाकावर चार जण. त्यांतल्या दोघांना मी ओळखत होतो. ते वाड्यातलेच, गिरणीत पोती उचलणारे. मी उभ्या असलेल्या मालट्रकच्या आड थांबलो.

मामा बाटली पटक्यात गुंडाळत बाहेर आले.

"जयभीम मामा," एक जण म्हणाला. "आज कुनाचा दवाखाना?"

"जयभीम. साहेबांचा."

"रोज साहेबांचा? आन् चव कोन बघतं?"

बाकीचे हसले. मामांनी सायकलीच्या कॅरियरवर पटका ठेवला, मग खिशातून परवाना काढला आणि उलगडला. "हे वाच," ते म्हणाले. "प्रकृतीसाठी म्हनून लिव्हलंय. औषध हाय ते."

"आमालाबी असलं दुखनं द्या की मामा," दुसरा म्हणाला.

पहिला हसत नव्हता. "मामा, हसन्यावारी न्हाय सांगत. तुमी वंदना घेता. पोरींसमोर पंचशील सांगता. आन् तुमच्या माठाखाली बाटली ठिवलेली सखुच्या आईनं बघितली. वाड्यात काय बोलत्यात तुमाला कुनी सांगत नसंल. येत्या पुनवेला वंदना दुसऱ्यानं घ्यावी म्हनत्यात."

"कागद वाच आधी," मामा म्हणाले.

"कागद कुनाला खरा वाटतो, मामा?"

"मला वाटतो," मामा म्हणाले. त्यांनी परवान्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि सायकलीवर बसून निघाले. वारा समोरचा होता. चढावर ते उतरले आणि सायकल हातात धरून चालायला लागले. मी शेवटच्या एसटीनं गेलो असतो तरी त्यांच्या आधी पोचलो असतो.

त्या संध्याकाळी ते नेहमीच्या वेळेनंतर आले. "उशीर झाला, वारं होतं," एवढंच म्हणाले. बाटली ठेवली, चष्मा लावला, पुस्तक उघडलं. मी त्यांना थांबवलं.

"मामा, त्या कागदावर जे लिहिलंय ते खरं नाही. मी आजारी नाही. सगळेच तसं लिहून घेतात."

त्यांनी खिशातून परवाना काढून उलगडला.

"डॉक्टरची सही हाय," मग म्हणाले.

"डॉक्टरांनी न तपासताच केली."

"आन् सरकारचा शिक्का?"

मी आयुष्यभर शिक्क्यांची टर उडवत आलो होतो. कोनशिला, मानपत्रं, चेअरमनांच्या शाली, सगळ्यांवर माझ्याकडे तयार वाक्यं होती. पण मामांच्या घरी एक पत्र्याची पेटी होती, मी ती पाहिली होती. तीत बॉयलरच्या परीक्षेचं प्रमाणपत्र होतं, थोरल्या मुलीचा शाळेचा दाखला होता, पट्ट्यावर मिळालेल्या दीड एकराचा कागद होता. प्रत्येकावर शिक्का. त्यांच्या बापाकडे असला एकही कागद नव्हता आणि नसल्याचं काय होतं हे मामांनी पाहिलं होतं. शिक्का खोटा असू शकतो, हे मी त्यांना शिकवायचं तर कोणत्या शिक्क्यापर्यंत शिकवायचं?

"शिक्का खरा आहे," मी म्हणालो.

"मंग झालं तर," मामा म्हणाले आणि वाचायला लागले. जहाज त्या दिवशी वारा पडल्यामुळे एका जागी उभं होतं.

बाटली मी उघडली नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं. त्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी मामींकडून ओव्याचं पाणी आणलं.

पौर्णिमेला नऊ दिवस होते. परवान्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. ती तारीख मामांनीच मला दाखवली, कारण ती छापलेल्या ओळीखाली होती. "नवा कागद करून घ्या साहेब, औषधात खंड नगं," असं ते दोनदा म्हणाले. म्हणजे प्रश्न सोपा होता. परवाना नवा केला असता तर खुर्ची, वाचन, माठाखालची वाळू, सगळं चालू राहिलं असतं, आणि पौर्णिमेला मामा वंदनेच्या वेळी मागच्या ओळीत बसले असते.

मी डॉक्टरांकडे गेलो. सांगितलं की परवाना नवा करायचा नाही, मी बरा झालो आहे.

"कशातून?" डॉक्टरांनी विचारलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मान वर केलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"तुम्ही ज्यासाठी सही केली होती त्यातून."

ते हसले. "मग परवाना संपू द्या की. माझ्याकडे कशाला आलात?"

"बरा झाल्याचा कागद हवा आहे. शिक्क्यासह."

"ऑफिसला द्यायला?"

"जेवणासाठी," मी म्हणालो.

त्यांनी लेटरहेड ओढलं आणि लिहिलं की यांची प्रकृती उत्तम असून मद्याची अथवा कोणत्याही पथ्याची आवश्यकता उरलेली नाही. मग खाली शिक्का मारला. शाई कमी होती म्हणून मी त्यांना पुन्हा मारायला लावला. माझ्या माहितीत त्या विषयावरचा तो एकमेव खरा दाखला होता आणि तोही त्यांनी मला न तपासता दिला.

संध्याकाळी मी मामांना सांगितलं की डॉक्टर म्हणाले, आता गरज नाही. मामांनी पुस्तक मिटलं.

"लिहून दिलं का?"

मी कागद दिला. त्यांनी तो बोट ठेवून दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "हे घेऊन जातो. दोन दिवसांनी आनून देतो."

तो कागद मला परत मिळाला नाही. पुढचं मला आमच्या पोती उचलणाऱ्यांपैकी एकानं सांगितलं. मामांनी आधी जुना परवाना वाचून दाखवला, मग डॉक्टरांचा कागद, सगळ्यांसमोर, विहारात. औषध चालू होतं तेव्हा आणलं, आता माणूस बरा झाला, आणायचं बंद. मागे कुणीतरी खाकरलं, पण पोरींनी पंचशीलाला हात जोडले होते आणि त्या वाट बघत होत्या. पौर्णिमेची वंदना मामांनीच घेतली. सांगणारा म्हणाला, "कागदाम्होरं कोन बोलनार, साहेब?"

मला विहारात कुणी बोलावलं नव्हतं आणि मीही गेलो नाही. बरा झालेला माणूस म्हणून तिथं उभं राहणं मला जमलं नसतं.

समुद्रप्रवासाची साठेक पानं राहिली होती. मामांनी पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. "फुडचं तुमीच वाचा आता," ते म्हणाले. "डोळ्यांना काय तरास न्हाय तुमच्या." मी म्हणालो, बसा मामा, तुम्हीच वाचा, जहाजाचं काय झालं ते कळायला हवं. ते हसले. त्यांना खरंच आनंद झाला होता. मी बरा झालो म्हणून इतका आनंद झालेला माणूस मी नंतर पाहिला नाही. "वाचनाऱ्या मानसापाशी बसू नये," म्हणाले, आणि रिकामा डबा घेऊन निघाले. मामी त्यानंतर कॉलनीत आल्या नाहीत. निरोगी, बिनलग्नाच्या माणसाच्या दारात येऊन बसायला त्यांना काही कारण उरलं नव्हतं.

परवाना मी पुन्हा काढला नाही. काढला असता तर उमरग्याहून वाड्यापर्यंत बातमी यायला एक दिवस लागला असता, आणि मामा पुन्हा सायकल काढून हजर झाले असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराच्या कडीला डबा अडकवलेला होता. मामा हाक न मारताच गेले होते. घंटी फाटकाबाहेर वाजली ती मी ऐकली. मी पुस्तक उघडून ठेवलं, ग्लासात टँकरचं पाणी घेतलं आणि डबा उघडला. मामींनी मिरचीचा शब्द पाळला होता. हुलग्याच्या पिठाचे, रश्श्यात शिजवलेले शेंगोळे होते, लसूण आणि लाल मिरची घातलेले, वर तेलाचा तवंग, सोबत ज्वारीच्या दोन भाकरी आणि फोडलेला कांदा.

मीठ थोडं जास्त झालं होतं.